टाकांचा पेला

आमच्या मिशनच्या आवारात देवाखालोखाल मत्सरी कोण असेल तर ती बाई, आणि तिच्याखालोखाल मी. देव मत्सरी आहे हे आमच्या शास्त्रातच सांगितलेलं आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. बाई देवाच्या वतीनं मत्सर करायची, म्हणून लोक तिला भक्तीण म्हणायचे. मी माझ्या स्वतःच्या वतीनं करायची. त्याला चांगलं नाव नाही.

तोंडावर मी तिला नेहमी अहो-जाहो केलं. मनात कधीच केलं नाही. इथं मनातल्यासारखंच लिहिते आहे, कारण आता ऐकायला ती नाही, आणि असती तरी तिनं वाईट वाटून घेतलं नसतं. वाईट वाटून न घेणं हा तिचा आणखी एक दोष होता. त्यामुळे तिच्याशी धड भांडताही यायचं नाही.

जालन्याला कुंडलिकेच्या पलीकडे आमचं आवार होतं. दवाखाना, मुलींची शाळा, उपासनेचं मंदिर, आणि कडेनं आम्हा नोकरमाणसांची कौलारू घरं. मी शाळेत मास्तरीण. आमचे हे दवाखान्यात कंपौंडर, शिवाय मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांपैकी एक. शेवटच्या एकाकी खोलीत ती राहायची. ती बायबलबाई, म्हणजे खेडोपाडी हिंडून बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी मिशनची पगारी बाई. अंबडकडची होती. दुष्काळात घरचं कोणी उरलं नाही म्हणून मिशनच्या बोर्डिंगात वाढली होती. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठी असेल. बिनकाठाचं पांढरं लुगडं, पायात पुरुषी वहाणा, काखेत छत्री. छत्री ती उन्हात उघडायची नाही आणि पावसातही नाही. कुत्र्यांसाठी आहे म्हणायची, पण कुत्र्याला मारतानाही तिला कोणी पाहिलं नव्हतं.

पाठीमागे सगळे तिला यिर्मयाबाई म्हणायचे. जुन्या संदेष्ट्यांमध्ये यिर्मया हा रडणारा संदेष्टा. लोकांनी ऐकलं नाही म्हणून आयुष्यभर रडला. ही स्वतः रडायची नाही, पण यिर्मयाविषयी असं बोलायची की जणू तो जुन्या जालन्यात राहतो आणि काल त्याच्याकडे जाऊन आली आहे. "लई हाल केले त्याचे," म्हणायची, "चिखलाच्या आडात सोडला मानसाला, आन् वर भाकरी खात बसले." आमोस तिला आपल्यातला वाटायचा, कारण तो गुरं राखणारा. होशेयाची बायको सारखी दुसऱ्याकडे पळून जायची आणि तो तिला परत आणायचा, ही गोष्ट ती सांगायला लागली की खेड्यातल्या बायका हातातलं निवडणटिपण सोडून बसायच्या. शेवटी ती सांगायची की देव मनुष्य नाही, पण नवऱ्यासारखा जळतो, आणि ज्याला जळता येत नाही त्याचं प्रेम काय कामाचं. हे शेवटचं वाक्य मला पटायचं. पटायचं म्हणून राग यायचा.

मूर्तिपूजेविरुद्ध ती बोलते असं बाहेर सगळ्यांना माहीत होतं, पण हिंदूंच्या देवांना तिनं कधी नाव ठेवलं नाही. मारुतीच्या देवळावरून जाताना गुरवाला थांबून त्याच्या सुनेच्या पायाची सूज विचारायची. एकदा आमच्या मंदिराच्या पाळकसाहेबांनी तिला सांगितलं, की जत्रेत देवळापुढं उभं राहून मूर्तीविषयी बोला. तिनं साफ नाही म्हटलं. म्हणाली, "संदेष्टे काय शेजाऱ्याच्या दारात जाऊन वरडत व्हते? घरच्यांवर वरडत व्हते. आपलं घर झाडून झालं का, मंग बघू." पाळकसाहेबांनी या उत्तराची वर तक्रार केली. मिशनच्या गोऱ्या साहेबांनी ते उत्तर दोनदा ऐकून घेतलं आणि तक्रार ठेवून दिली.

तर ती घर झाडायची. आमचं, ख्रिस्ती माणसांचं. आम्हाला वाटायचं, आम्ही बाप्तिस्मा घेतला, देव्हारे काढले, आता संदेष्ट्यांचं बोलणं आम्हाला लागू नाही, ते जुन्या इस्राएल लोकांचं आहे. बाईला हे म्हणजे ताप उतरला म्हणून औषधाची बाटली शेजारणीला देण्यासारखं वाटायचं. तिची एक परीक्षा होती. घरात ज्या वस्तूवर धूळ नाही, त्या वस्तूकडे ध्यान द्यावं. कोणाकडे गेली की ती बसायच्या आधी बोट फिरवत हिंडायची. पाळकसाहेबांच्या ओसरीवर मेमसाहेबांनी जाताना दिलेली एक खुर्ची होती. तिच्यावर क्रोशाचं आवरण होतं, आणि त्या खुर्चीवर खुद्द पाळकसाहेबही बसत नसत. बाईनं बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. मग धुळीनं भरलेल्या पायांनी येऊन ती त्या खुर्चीवर मांडी घालून बसली आणि तिथंच बसून चहा प्यायली. पाळकीणबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. शाळेत जुन्या साहेबांची तसबीर होती, तिला नाताळात हार घालायचे. बाईनं तो हार काढून आमच्या शिपायाच्या गळ्यात घातला. म्हणाली, हा रोज झाडतो, ते एकदाच आले होते.

माझ्या घरी आली तेव्हा तिचं बोट सगळीकडे मळलं. मी शाळेत जाणारी बाई, धूळ काय कमी असणार. मला वाटलं सुटले. तेवढ्यात करुणा खेळून आत आली. बाईनं तिच्या वेणीवरून हात फिरवला. करुणाचे केस मी रोज तेल लावून, पेड सोडवून, आरशासारखे ठेवायची. बाई माझ्याकडे बघून हसली आणि काही न बोलता चहा मागितला. त्या हसण्याचा अर्थ न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

करुणा माझी एकुलती. तिच्या आधीची दोन बाळंतपणातच गेली होती. ज्या बाईला असं मूल मिळतं तिनं त्याची वेणी आरशासारखी ठेवू नये तर काय करावं, हे मला कोणी तरी सांगावं. पण पोरगी शाळा सुटली की माझ्या मागे घरी यायची नाही. शेवटच्या खोलीत पळायची. बाईच्या चुलीपुढं बसून शिळी भाकर आणि तिखट खायची. घरी साजूक तूप वाढलं तर नको म्हणायची. संदेष्ट्यांची नावं तिला ओळीनं पाठ. हिवाळ्यात बाई छकड्यातून दौऱ्यावर निघायची, भोकरदन, केदारखेड्याकडे, तेव्हा पोरगी पहाटेपासून बोचकं बांधून बसायची. माझ्याकडून परवानगी मागायची ती माझ्याकडे न बघता. मी नाही म्हटलं तर दिवसभर रुसायची आणि हो म्हटलं तर मागे वळूनही बघायची नाही. मी दोन्ही करून पाहिलं.

तिला न्हाण आलं तेव्हा ती बाईबरोबर दौऱ्यावर होती. मला चार दिवसांनी कळलं, आणि तेही बाईनं सांगितलं तेव्हा. आईला सांगायची गोष्ट पोरीनं त्या बाईला सांगितली, त्या बाईनं तिला धुऊनपुसून, जुन्या लुगड्याच्या घड्या देऊन, समजावून घरी आणली होती. "भ्याली न्हाई बिलकुल, शानी हाय पोर," ती मला म्हणाली. मी तिचे आभार मानले. ते मानताना माझे दात एकमेकांवर आवळलेले होते.

आमच्या ह्यांना हे सगळं करमणुकीचं वाटायचं. म्हणायचे, देवाला मत्सर शोभतो, कारण सगळं आधीच त्याचं असतं. तुझं काय आहे? मी म्हटलं, करुणाही आधी माझीच होती. त्यावर ते दवाखान्यात निघून गेले. पुरुषांना असं निघून जाता येतं.

पहिल्या पिकाच्या सणाला आमच्याकडे मोठी गर्दी व्हायची. शेतातलं नवं पीक, भाजीपाला, अंडी, कोंबडी, शेळी, ज्याला जे जमेल ते मंदिरात आणायचं, प्रार्थना व्हायची आणि मग बाहेर आंब्याखाली त्या वस्तूंचा लिलाव. आलेला पैसा मंडळीच्या कामाला. एका वर्षी बाई मंदिराच्या दारात उभी राहिली आणि आत जाणारी प्रत्येक वस्तू बघायला लागली. किडकी ज्वारी परत. तडा गेलेलं डांगर परत. माझ्या हातात कोंबडी होती. ती एका पायानं लंगडत होती, हे खरं आहे, पण अंडी द्यायची. बाईनं ती माझ्या हातातून घेतली, सगळ्या मंडळीसमोर जमिनीवर सोडली आणि लंगडू दिली. मग मला विचारलं, "मास्तरीणबाई, ही कोंबडी तुमी तालुकदारसाहेबांला नजर कराल का? न्हाई ना कराल? मंग देवालाच कामून?"

लोक हसले. मलाखी संदेष्ट्यानं आंधळी-लंगडी जनावरं देवाला वाहणाऱ्यांना नेमकं हेच विचारलं होतं, हे मला माहीत होतं, मीच ते शाळेत शिकवायची. पण शिकवणं वेगळं आणि आपल्या कोंबडीवर येणं वेगळं. सगळ्यात मोठ्यानं करुणा हसली. तिनंच ती कोंबडी उचलून घरी नेली, वाटेत भेटेल त्याला गोष्ट सांगत. मी त्या कोंबडीचं त्याच दिवशी कालवण केलं, आणि करुणानं ते खाल्लं नाही.

आता पेल्याचं सांगते. मी आवारात लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट आहे. केदारखेड्याकडच्या काही घरांनी एकदम बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्यांचे टाक होते, म्हणजे देवांचे ठसे उठवलेले चांदीचे लहान लहान पत्रे. खंडोबा, भवानी, कोणाचे मुंजा झालेले पूर्वज. ते त्यांनी साहेबांच्या पुढ्यात आणून ओतले. साहेबांना काय करावं सुचेना. नदीत टाकावे तर पोरं काढून आणतील, विकावे तर दुसऱ्याच्या देव्हाऱ्यात जातील. तेव्हा कोणी तरी सुचवलं की आटवून त्याचा प्रभुभोजनाचा पेला करावा, म्हणजे उपासनेत सगळी मंडळी ज्यातून द्राक्षरस पिते तो. सगळ्यांना कल्पना इतकी आवडली की म्हातारी माणसं रडली. जुने देव आता प्रभूची सेवा करतील. बाई तेव्हा तरुण होती. तिनंच ते टाक पदरात बांधून सराफ्यात सोनाराकडे नेले. पेला सुरेख झाला होता. साहेबांनी त्यावर उपदेश केला आणि तो म्हणे कितीतरी दिवस लोकांच्या तोंडी होता.

पेला कुलपात ठेवायचं काम पंचांकडे, म्हणजे आमच्या घरी. चिंचेनं घासून चकचकीत ठेवायचं काम माझ्याकडे. त्याच्यावर धूळ कधी नव्हती हे सांगायला नको. हळूहळू केदारखेड्याकडच्या म्हाताऱ्या बाजाराला आल्या की आमच्या दारात यायला लागल्या. दर्शनाला आलो, असं कोणी म्हणायचं नाही. नुसता बघू द्या म्हणायच्या. बघून कपाळाला लावायच्या. मग एकीनं नातवाला आणलं, त्याला सारखी आकडी यायची. पेल्यात पाणी घालून त्याला पाजा म्हणाली, आत आमचा खंडोबा हाय, आन् वरून येशूचं नाव हाय, दोघं मिळून बघतील. मी पाजलं. पोराची आकडी थांबली की नाही मला माहीत नाही, पण पुढच्या बाजाराला आणखी बाया आल्या. मला कोणी काही मागायला येत नसे, सगळे शेवटच्या खोलीत जात. आता माझ्या ओसरीवर चपलांची रांग लागायला लागली. मला ते आवडलं. त्यात लपवण्यासारखं काय आहे? शाळेतल्या मास्तरणीकडे कोण एवढ्या आशेनं बघतं?

बाईला हे कळलं होतं. ती माझ्याकडे येऊन ओसरीवर बसायची, आलेल्या बायांकडे बघायची, मोशेनं केलेल्या पितळी सापाची गोष्ट सांगायची. रानात साप चावून माणसं मरायला लागली तेव्हा देवाच्याच सांगण्यावरून मोशेनं तो केला, त्याच्याकडे बघितलं की माणसं वाचायची. पुढे त्याच सापापुढे लोक धूप जाळायला लागले, तेव्हा हिज्कीया राजानं त्याचे तुकडे केले. गोष्ट ऐकून बाया मान डोलवायच्या आणि पेला कपाळाला लावून जायच्या. ती मला पेल्याविषयी सरळ काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मी सोडलं नसतं.

त्या उन्हाळ्यात करुणाला मुदतीचा ताप आला. डॉक्टरीणबाई सकाळ-संध्याकाळ यायच्या. ह्यांनी दवाखान्यातलं होतं नव्हतं ते औषध आणलं. ताप उतरेना. पोरीची वेणी मीच कापली, तेल लावायला अर्थ राहिला नव्हता. मग मी कपाटातला पेला काढला आणि तिच्या उशाशी ठेवला. त्यातलं पाणी चमच्यानं तिला द्यायला लागले. माझा त्यावर विश्वास होता का? औषधावर होता तेवढाच. बाई रोज येऊन पायाशी बसायची. तिनं पेला पाहिला. तिच्या डोळ्यांतून काही सुटायचं नाही. मी वाट बघत होते की ती आता बोलेल, संदेष्टे काढेल, आणि मग मी तिला माझ्या लेकीच्या खोलीतून हाकलून देईन. ती बोलली नाही. मी पाणी आणायला विहिरीवर जायची तेव्हा तीच पोरीपाशी थांबायची. दुसऱ्या कोणाला मी थांबू दिलं नसतं, पण ग्लानीत पोरगी तिचंच नाव घ्यायची.

ताप उतरला. आवारभर झालं की पेल्यानं वाचवलं. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, बायाबापड्या खेड्यांतून बैलगाड्या करून आल्या. सकाळी बाई माझ्याकडे आली आणि म्हणाली, आज पेला म्या घासते. मी दिला. पोरगी उठून बसली होती, कोणाला काय हवं ते द्यावं असा माझा जीव झाला होता.

मंदिरात मेजावर पांढऱ्या फडक्याखाली भाकर आणि पेला झाकून ठेवलेला असतो. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि फडकं उचललं. पेल्याच्या जागी चांदीची एक चपटी भाकरी होती. बाईनं तो पाट्यावर ठेवून वरवंट्यानं ठेचला होता. मग केदारखेड्याची एक म्हातारी हंबरडा फोडून रडायला लागली, कोणी मेल्यासारखी. बाई बायकांच्या बाजूनं उठून उभी राहिली. बोलण्यात ती एवढी हुशार, पण त्या दिवशी थोडंच बोलली. म्हणाली, "ह्याचे टाक म्याच नेल्ते सोनाराकडं. म्हनून म्याच मोडला. आपुन देव बदलले न्हाईत, निस्ते आटवले. आता कशातून बी प्या."

आमच्या घरून पितळेचं फुलपात्र आणलं आणि त्यातून प्रभुभोजन झालं. निम्म्या लोकांनी घेतलं नाही.

पंचांची बैठक बसली. एक जण म्हणाला ठाण्यात खबर द्या, मंडळीची मालमत्ता आहे. साहेब म्हणाले, बाईनं केलं ते शास्त्राला धरून आहे, फक्त आधी विचारायला हवं होतं. त्यांनी तिला माफ करून टाकलं. ती चांदी बराच काळ आमच्या कपाटात फडक्यात पडून होती. मध्ये एकदा एका पंचानं सुचवलं की तिचा पुन्हा पेलाच करू या, आणि बैठकीत कोणालाही हसू आलं नाही. शेवटी विकून शाळेच्या विहिरीला रहाट बसवला.

माफी मिळूनही बाई राहिली नाही. तिनं साहेबांना सांगून घनसावंगीच्या पुढं, गोदावरीकाठच्या एका आडगावात बदली मागून घेतली, जिथं आमची चारदोन घरंच होती. मला वाटलं, तोंड दाखवायची लाज वाटली. मला वाटलं, माझ्या लेकीला पेल्यानं वाचवलं हे तिला सहन झालं नाही. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. करुणा म्हणाली, मी मावशीबरोबर जाणार. मी काही बोलायच्या आत बाईनंच नाही म्हटलं, इतक्या कोरड्या आवाजात की पोरगी मागे सरकली. जाण्याच्या दिवशी करुणा शाळेत असताना तिनं छकडं जुंपलं. निरोपही घेतला नाही. संध्याकाळी पोरगी रिकाम्या खोलीत जाऊन बसली, आणि घरी आल्यावर मला म्हणाली, "तूच घालवलंस तिला." मी काही केलेलं नव्हतं. पण सांगून तिला पटलं नाही. लेक माझ्या घरी राहिली, केस वाढले, मी वेण्या घातल्या, तिच्या मनातली ती जागा मात्र तशीच कुलूप लावलेली राहिली. बाईला तिनं पत्रं लिहिली, बाईनं एकाचंही उत्तर दिलं नाही. पुढे करुणा नर्सिंग शिकली, औरंगाबादेस लागली, तिथंच लग्न झालं.

आता आमच्या मंदिरात बाकं आली आहेत, आणि प्रत्येक बाकाच्या पाठीवर देणाऱ्याच्या घराण्याचं नाव रंगवलेलं आहे. आपल्या नावाच्या बाकावर दुसरा बसला तर लोक उपासनेत भांडतात. त्या बाकांवर धूळ नसते. अशा वेळी मला ती आठवते, आणि ती आठवते याचाही मला राग येतो. इतकी माणसं उपदेश करून गेली, माझ्या डोक्यात त्यांपैकी कोणी राहिलं नाही.

पोलीस ॲक्शन होऊन गेल्यावर, रस्ते जरा निवळले तेव्हा, एका गाडीवानाकडून निरोप आला. बाई अंथरुणाला खिळली आहे, मास्तरीणबाईंनी यावं, एकटीनं यावं. मी करुणाला कळवलं नाही. अंबडपर्यंत मोटारीनं गेले, पुढे बैलगाडीनं. का गेले? ती कशी दिसते ते बघायचं होतं. हरलेलं माणूस कसं दिसतं ते मला बघायचं होतं.

दुपारची वेळ होती. अंगणात लिंबाखाली बाजेवर पडली होती, चिपाडासारखी झाली होती. घरच्या बाईनं मला चहा दिला आणि ती रानात निघून गेली. बाईनं पहिल्यांदा विचारलं, "करुणाला आनलं न्हाई ना?" मी नाही म्हटलं. "बराबर केलं," म्हणाली आणि तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग डोळे न उघडताच बोलायला लागली.

"तुमाला वाटलं आसंल, तुमच्यावर जळून पेला मोडला. तसं न्हाई मास्तरीणबाई. तुमी हिरीवर गेल्त्या. पोरगी डोळे पांढरे करून राह्यली व्हती. म्या पेला उचलला. माझा बाप खंडोबाचा वाघ्या व्हता, कोनाला ठावं न्हाई. ल्हानपनी ताप आला की तो भंडारा लावून नाव घ्यायचा. म्या तेच नाव घेतलं. पेला तिच्या कपाळाला लावला, आन् म्हनलं, मल्हारी, हिला ठेव, बदल्यात मला ने, माझा जन्मभराचा येशू बी ने."

लिंबावर कावळा ओरडत होता.

"येवढी वर्सं लोकाला सांगत फिरले," ती म्हणाली. "आन् येळ आली तवा देवाचं नाव मला याद बी न्हाई आलं. पेला मोडला, पन पेल्यात काय व्हतं? माझी मूर्ती ती पोर व्हती. तिला कशी मोडू? म्हनून म्याच उठून गेले. तिची पत्रं आली, उघडली न्हाईत. चुलीत घातली. हे तुमाला सांगायचं व्हतं. बाकी कोनाला न्हाई."

परतताना गाडीत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या दुपारी विहिरीवर मीही प्रार्थना करत होते. नेहमीची, सगळ्यांनी म्हणायची, शब्द न चुकता. तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, असंही म्हटलं होतं, कारण तसं म्हणायला आम्हाला शिकवलेलं आहे. मी आई. मी देवाला म्हटलं, तुझ्या मनात असेल तसं. आणि त्या परक्या बाईनं तसं म्हटलं नाही. तिनं आपला देव गहाण टाकला. माझ्या लेकीसाठी एवढं मोठं पाप माझ्या हातून झालं नव्हतं, तिच्या हातून झालं. आणि मग तीच लेक तिनं सोडूनही दिली, जे मला आजतागायत जमलेलं नाही. तिच्या खोलीचा, तिच्या गोष्टींचा, करुणाच्या हसण्याचा मी हेवा केला होता. आता या दोन गोष्टींचा करते, आणि हा हेवा आधीच्या सगळ्यापेक्षा वाईट आहे.

थोड्याच दिवसांत ती गेली. करुणा औरंगाबादेहून आली, तिच्या रिकाम्या खोलीच्या पायरीवर बसून खूप रडली. मग डोळे पुसून तिनं मला विचारलं, शेवटी तू भेटलीस ना तिला, माझ्याबद्दल काही बोलली का गं?

मी म्हटलं, "नाही. शास्त्राचंच बोलत होती."